बेनकाकांची मुदत

१

कपाटाचा खालचा कप्पा उघडा पडला होता. त्यात चामड्याची पिशवी होती. पिशवीत बँकेचं पत्र होतं, नवे काढलेले फोटो होते, भरून ठेवलेला अर्जही होता. पासपोर्ट तेवढा नव्हता.

"पिशवी झटकून पाहिली, कप्पा उपसून पाहिला, पलंगाखाली वाकून पाहिलं," बेनकाका म्हणाले. "आता कौलं काढून बघायची तेवढी राहिलीत."

सायपिनबाई दारात चपला काढून हळूच आत आल्या. सकाळचा दिवा लावून, सूत्रपठण आटोपून त्या उठतच होत्या, तोवर काकांकडे स्वयंपाक-धुणं करणारी नुआन धावत आली होती. "बाई, चला लवकर, काकांकडे चोरी झाली!" नुआनला तिखटमीठ लावून सांगायची सवय. म्हणून बाई कुंड्यांना पाणी घालून मग सावकाश निघाल्या. पण काकांचा चेहरा पाहिला आणि त्यांना वाटलं, कुंड्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

चियांग माईच्या या गल्लीत प्रेबेन होल्गरसन हे नाव कुणाच्या जिभेवर कधी नीट बसलंच नाही. डेन्मार्कच्या बोटींवर इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला हा उंच माणूस चौदा वर्षांपूर्वी मालायचा नवरा म्हणून इथे राहायला आला आणि सगळ्यांचा बेनकाका झाला. मालाय जाऊन चार वर्षं झाली. तिच्या अस्थी गल्लीच्या टोकाच्या विहारात, भिंतीतल्या कोनाड्यात आहेत. तिथे काका रोज संध्याकाळी दिवा लावतात. बाकी विधी, मंत्र, गंडेदोरे यांना ते हसतात, पण दिवा चुकवत नाहीत. बाईंना त्यांचं हे मनापासून आवडे.

"शेवटचा दिवस कधी?" बाईंनी विचारलं.

"परवा. गुरुवार."

निवृत्त परदेशी माणसाला इथे राहायची परवानगी एका वर्षाची मिळते आणि ती दरवर्षी, मुदत संपायच्या आत, स्वतः जाऊन वाढवून घ्यावी लागते. मुदत टळली की सगळं मोडलं. देश सोडायचा आणि आपल्या गावाहून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वकिलातीतून नवा पासपोर्ट यायलाच महिना जातो.

"मी सांगत होतो की नाही?" दारातून आवाज आला. शेजारचा इंग्रज, डेस्मंड प्राइक. काकांहूनही बोटभर उंच. तो चौकटीखाली वाकूनच आत आला. "अर्ज महिनाभर आधीपासून घेतात. पहिल्या दिवशी गेलं तरी एक दिवस वाया जात नाही, नवं वर्ष जुन्याच्या शेवटाला जोडूनच मिळतं. मी पहिल्या दिवशी गेलो, शिक्का घेतला, घरी येऊन झोपलो. आणि हे महाशय! दरवर्षी शेवटचा आठवडा!"

"डेस्मंड, आज नको," काका म्हणाले.

"काका, अंगात नुसतं बनियनच?" बाईंनी विषय बदलला. "थंडी वाजेल."

"निळा सदरा घालणार होतो. दर शिक्क्याला तोच घालतो. नको म्हटलं तरी नुआनने नेमका आजच धुवायला नेला असेल. दिवसच फुटका उगवलाय."

डेस्मंड हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "बाई, एक सांगतो. गेल्या आठवड्यात मी याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, एक दिवस तुझा पासपोर्ट मीच लपवतो, म्हणजे अद्दल घडेल."



२

सायपिनबाई तीस-पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. खडू कुणी पळवला, कुणाच्या डब्यातलं आंबवलेलं डुकराचं मांस कुणी खाल्लं, हे त्यांनी कधी आवाज चढवून शोधलं नाही. त्या एक प्रश्न विचारत, उत्तर ऐकून घेत आणि मग तोच प्रश्न थोडा वेगळा करून पुन्हा विचारत. खोटं बोलणारं मूल दुसऱ्या वेळी तेच शब्द बोलतं. खरं बोलणारं मूल दुसऱ्या वेळी काहीतरी नवीन आठवून सांगतं.

"काल काय काय केलंत, काका?"

"बँकेत गेलो, पत्र घेतलं. त्याआधी शेजारीच फोटो काढले. सायकलवरून घरी आलो, पिशवी कप्प्यात ठेवली, झोपलो."

"बँकेत गर्दी होती का?"

"बँकेत गेलो, पत्र घेतलं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "सायकलवरून घरी आलो, झोपलो."

बाईंनी मान डोलावली आणि त्या ओसरीवर आल्या. ओसरीवर दार नाही, कठडा आहे. गल्लीतलं कुत्रंसुद्धा दुपारी इथे येऊन झोपतं. मालायनेच ती अशी मोकळी ठेवून घेतली होती. कठड्याला काकांची जुनी, उंच सायकल टेकवलेली होती. बाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या. सीट त्यांच्या कमरेच्याही खाली होती. काकांचे पाय बगळ्यासारखे. या सीटवर बसले तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले असते.

मागच्या अंगणात नुआन दोरीवरचे कपडे काढत होती.

"नुआन, सायकल चालवतेस का गं तू?"

"मी? पडून दात पाडून घेऊ की काय? मी आपली चालत येते, चालत जाते. काल तर दुपारी बाराच्या आत गेले, भाचीकडे बारसं होतं. आज येऊन बघते तर काका कपाट उपसतायत." नुआन जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, मला विचाराल तर हे थोंगदीचं काम."

थोंगदी म्हणजे मालायचा धाकटा भाऊ. घर-जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. मालायमागे कागदोपत्री घर थोंगदीचं झालं होतं.

"काका गेले की घर मोकळं," नुआन म्हणाली. "आणि भांडण तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मालायताईच्या अस्थी गावी न्यायच्या म्हणून तो अडून बसला होता. काका नाही म्हणाले. तेव्हा हा भर विहारात काय बोलला? 'हा फिरंगी उद्या उठून आपल्या देशात जाईल, मग माझ्या बहिणीला दिवा कोण लावणार?' तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

हे बाईंना आठवत होतं. त्या दिवशी काका उलट एक शब्द बोलले नव्हते. फक्त म्हणाले होते, मी कुठे जात नाही.

"काकांचा निळा सदरा कुठे वाळत घातलास?"

"निळा? तो ते मला हात लावू देत नाहीत. ताईने शिवलेला ना. रंग जाईल म्हणून स्वतःच बादलीत बुडवतात, स्वतःच घडी घालतात. आजच्या धुण्यात नाही तो. असेल त्यांच्याच कपाटात."

बाईंनी दोरीकडे पाहिलं. दोन लुंग्या, एक चादर, टॉवेल. त्या परत ओसरीवर आल्या आणि कठड्याशी वाकून काकांना मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, काल तुम्ही सायकलवरून घरी आला नाहीत."

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. "आलो," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

३

डेस्मंडचं घर चकाचक. भिंतीवर दिनदर्शिका, तिच्यावर लाल गोल. बाईंना त्याने खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"मी नाही घेतला. शपथ घेऊ?"

"शपथ कशाला? माणूस चोरी करायच्या आधी आठवडाभर गावाला सांगत बसत नाही." बाई हसल्या. "पण तुम्ही रागावलात का एवढे? उशीर ते करतात, शिक्षा ते भोगतात."

डेस्मंड खिडकीशी गेला. बाहेरच्या मैदानावर रोज सकाळी दोघं लोखंडी चेंडूंचा खेळ खेळत. एकमेकांना शिव्या देत, हरलेला कॉफी पाजत असे.

"बाई, ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पावसाळ्यात याला घेऊन मी इस्पितळात गेलो होतो. छातीत दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप निकामी होत चाललीय, बदलून घ्या, आताच घेतली तर बरीच वर्षं काढाल. हा म्हणाला, बघू. तेव्हापासून नुसतं बघू. यंदा मी महिनाभर मागे लागलो, चल, शिक्का घेऊन येऊ. तर म्हणतो कसा, 'डेस्मंड, अख्खं वर्ष मागायला मला लाज वाटते रे. आपल्याजवळ आहे की नाही ते ठाऊक नाही आणि सरकारकडे मागायचं!'"

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. शेवटच्या आठवड्यात जायची काकांची सवय जुनी होती. पण यंदाचा उशीर आळसाचा नव्हता.

"त्याची बहीण तिकडे डेन्मार्कात, आरहूसला असते," डेस्मंड म्हणाला. "ती पत्रावर पत्र पाठवते, घरी ये, इथे माझ्याजवळ राहा. आणि बाई, गेल्या पंधरवड्यात त्याने मला विचारलं, आरहूसचं तिकीट एकेरी घेतलं तर काय पडतं?"

बाई खुर्चीतून उठल्या. आतापर्यंत त्या पासपोर्ट कुणी नेला हे शोधत होत्या. तो खुद्द मालकानेच कुठे घालवून टाकला असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी उपोसथ, विहारातल्या व्रताचा दिवस. बाईंनी नेहमीप्रमाणे पांढरी वस्त्रं नेसून पहाटे अष्टशील घेतलं. एका माणसाचं घर तुटायला एकच दिवस उरलाय आणि आपण विहारात बसायचं, याची त्यांना बोच लागली होती. पण नेम तो नेम. शिवाय त्यांचा अनुभव असा, की डोकं लढवून जे सापडत नाही ते हात जोडून बसल्यावर आपोआप समोर येतं.

आज विहारात आयुष्य वाढवण्याचा विधी होता. मंडपात तीन उंच बांबू टोकाशी बांधून उभे केलेले, त्यांच्याभोवती ऊस, केळीची पानं, पाण्याची मडकी. बांबूंखाली म्हातारी, आजारी माणसं बसलेली, काही जण गावाहून टेम्पोने आलेले. ज्यांना येववलं नाही त्यांचे कपडे मोठ्या तबकात ठेवलेले. या सगळ्यांभोवती परित्राणाचं पांढरं सूत फिरवून त्याचं टोक भंतेजींच्या हातात दिलेलं. पठण सुरू झालं तसा सारा मंडप मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमू लागला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती माणसं किती माणसांसाठी काय काय मागतात आणि त्यातल्या कितीकांना त्याचा पत्ताही नसतो!

पठण संपल्यावर खांबाजवळ त्यांना थोंगदी दिसला. बुटका, रुंद, हातांवर बांबूच्या काड्यांचे जुने व्रण. बँकेसमोरच्या बाजारात तो भात ठेवायच्या बांबूच्या टोपल्या विकतो. बाईंना पाहताच त्याने वाकून हात जोडले. एके काळी तो त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे.

"काय रे थोंगदी, बाजार बंद ठेवलास आज?"

"एक दिवस चालतं, बाई." तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. "बाई, ते... तुमच्या समोरचा म्हातारा. उठून बसतो का आता? भात जातो का पोटात?"

"बरे आहेत की. त्यांना काय झालंय?"

"नाही, काही नाही. आपलं वय झालं, म्हणून विचारलं."

"काकांच्या घरून एक वस्तू नाहीशी झालीय, थोंगदी."

थोंगदीचा चेहरा शाळेतल्या त्या जुन्या पोरासारखा लालभडक झाला. "मी काही चोरलेलं नाही! जे नेलं ते उद्या सकाळी जिथल्या तिथे ठेवणार आहे!" असं म्हणून तो तरातरा चालत फाटकाबाहेर गेला.

बाईंनी त्याला हाक मारली नाही. त्या मागे वळून मंडपातल्या त्या तबकाकडे पाहत राहिल्या.

५

दुपारी काकांच्या ओसरीवर सगळे जमले. बाईंनीच बोलावलं होतं. काका आरामखुर्चीत, डेस्मंड कठड्यावर, नुआन दाराला टेकून. आज बारानंतर बाईंना अन्न वर्ज्य, म्हणून नुआनने त्यांच्यापुढे नुसतं गोकर्णीच्या फुलांचं निळं सरबत ठेवलं. थोंगदीला निरोप धाडला होता. तो आला, पण पायरी चढला नाही. अंगणातच उभा राहिला, काकांकडे पाठ करून.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं. "काकांचं वाईट करायचं असतं तर चोराने पिशवीच उचलली असती. पत्र, फोटो, अर्ज तसेच ठेवून एक पासपोर्ट कोण निवडून नेईल? म्हणजे तो पिशवीत नव्हताच. काका, तो पिशवीत नव्हता आणि तुम्हाला ते आठवत नाही. का आठवत नाही?"

काकांनी मान दुसरीकडे वळवली.

"दुसरी गोष्ट सायकलची. तिची सीट खाली केलेली आहे. काका किंवा डेस्मंड त्या सीटवर बसूच शकत नाहीत, नुआनला सायकल येत नाही. कुणीतरी बुटका माणूस ती घेऊन इथवर आला. मग काका घरी कशाने आले?"

"भाड्याच्या लाल गाडीने," काका एकदम म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "बँकेत भोवळ आली. खाली बसलो, मग पायरीवर बसवलं कुणीतरी. पाणी पाजलं. लाल गाडीवाल्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. सदरा या खुर्चीवर टाकून झोपलो. तुम्हाला सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, आता इस्पितळ. सायकल सकाळी इथे दिसली, मला वाटलं गाडीवाल्यानेच पोचवली."

"लाल गाडीवाल्याला कुणी थांबवलं, काका? तुमचं घर त्याला कुणी सांगितलं? बँकेसमोर कुणाचं दुकान आहे?"

अंगणातली पाठ जराशी हलली.

"तिसरी गोष्ट तुम्हा दोघांनी मला नकळत सांगितली," बाई पुढे म्हणाल्या. "काका म्हणाले, निळा सदरा नुआनने धुवायला नेला. नुआन म्हणाली, तो काकांच्या कपाटात असेल. दोघांनाही वाटलं तो दुसऱ्याकडे आहे, म्हणून तो हरवलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. या घरातून पासपोर्ट चोरीला गेलाच नाही. सदरा गेला. घामाने भिजलेला, न धुतलेला, या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला सदरा. धुतलेले सोडून अंगावरचा कपडा नेणारा चोर आपल्या गावात कुठे जातो, ते थोंगदीलाच विचारा."

थोंगदी वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"विहारात नेला," तो म्हणाला. "आयुष्याच्या विधीसाठी. माणूस येत नसेल तर त्याच्या अंगचा कपडा लागतो, धुतलेल्यात माणूस राहत नाही. सायकल ठेवायला आलो तर हा गाढ झोपलेला, तोंड उघडं. मला वाटलं, हा असाच जातो की काय. मालायताई मला काय म्हणाली असती? विचारलं असतं तर हा हसला असता. दर वेळी हसतो."

"आणि आतल्या खिशात काही लागलं नाही तुझ्या हाताला?" डेस्मंड ओरडला.

"लागलं. निळ्या कापडाचं वेष्टण घातलेलं पुस्तक. ताई सुत्तांच्या पोथीला अशीच वेष्टणं शिवायची. म्हटलं, तिची पोथी जपून ठेवलीय यानं. असू दे, बरंच आहे."

काकांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते की काय, कुणाला कळेना. "तिने पासपोर्टलाही तसंच वेष्टण शिवलं," ते म्हणाले. "म्हणायची, पोथीला जसं जपतोस तसं याला जप, यानेच तू माझ्यापाशी राहतोस. आता आठवतं. बँकेतली मुलगी पासपोर्टची झेरॉक्स काढून धावत पायरीवर आली, हातात कोंबला. मी सदऱ्यात सरकवला."

डेस्मंड उठून उभा राहिला होता. "मग बसलोय काय? चला विहारात, आत्ताच काढून आणू! आत आहे का नाही ते तरी बघू!"

"सूत उद्या पहाटे सोडतात," थोंगदी म्हणाला. "रात्रभर ते तसंच ठेवायचं असतं. मध्येच हात घातला तर विधी मोडतो. पण मी भंतेजींच्या पाया पडतो. अडचणच तशी आहे म्हटल्यावर ते देतील काढून."

सगळे काकांकडे बघू लागले. उद्याचा एकच दिवस. पहाटे सदरा उघडला आणि खिसा रिकामा निघाला, तबक हलवताना पुस्तक कुठे पडलेलं निघालं, तर मग शोधायलाही वेळ नव्हता. बाईंनी काही सुचवलं नाही. हा निर्णय त्यांचा नव्हता.

काका थोंगदीकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "भंतेजींनी विचारलं असेल ना, सदरा कुणाचा म्हणून?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

थोंगदीने मान खाली घातली. "दाजींचा, म्हणालो."

चार वर्षांत हा शब्द त्या ओसरीवर कुणी ऐकला नव्हता. नुआनने बाहीने नाक पुसलं.

"राहू दे तिथेच," काका म्हणाले. "पहाटेपर्यंत राहू दे. माझ्याने मागवत नव्हतं ते माझ्यासाठी कुणी मागतंय, तर मी मध्ये हात कशाला घालू?" आणि थोडं थांबून, "थोंगद्या, उन्हात काय उभा आहेस? वर ये, खुळ्या."

६

पहाटे धुकं होतं. भंतेजींनी सूत सोडलं, त्याचे तुकडे करून माणसांच्या मनगटांवर बांधले. थोंगदीने तबकातून निळा सदरा काढला आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरला. काकांनी तो तसाच बाईंपुढे केला, म्हणून खिशात हात बाईंनी घातला. कापडाचं वेष्टण हाताला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात, कुणाकुणाची नावं घेत, आभार मानले. मालायचंही नाव त्यात होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. एवढा एकच शब्द. डेस्मंडने मंडपातच शीळ घातली आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सूर्य वर येईतो ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पोचले. रांगेत खुर्च्या, खुर्च्यांवर गोरे म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर पारदर्शक फायली. काहींची मुदत महिन्याने संपणार होती. ते आरामात चहा पीत होते. काकांचा नंबर पुकारला गेला तसे थोंगदी आणि ते दोघंही उठले.

"हे कोण?" खिडकीतल्या तरुण बाईने विचारलं.

"घरमालक," थोंगदी म्हणाला, आणि मग घाईघाईने, "म्हणजे मेहुणा. माझी सही लागते ना घराच्या कागदावर? ओळखपत्र आणलंय."

तिने कागद चाळले. बँकेचं पत्र पाहिलं, फोटो पाहिला, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. "आजोबा, आजचाच दिवस होता हो तुमचा. असं जिवाला घोर लावून का येता?"

"चुकलं, पोरी," काका म्हणाले.

"एक वर्ष वाढवून हवं?"

बाई मागच्या खुर्चीवर होत्या. तिथून त्यांना काकांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ आणि निळा सदरा. पाठ एकदा ताठ झाली.

"हो," काका म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "एक वर्ष हवं. पूर्ण."

शिक्का बसला. आवाज फार मोठा नव्हता, पण बाईंना तो मंडपातल्या पठणाइतकाच मंगल वाटला.

बाहेर आल्यावर डेस्मंडने काकांची पाठ थोपटली आणि जेवणाचा बेत सांगायला सुरुवात केली. कुठलं दुकान, कुठल्या नूडल्स, वर किती तिखट. काका त्याला मध्येच थांबवून म्हणाले, "जेवण नंतर. आधी मला इस्पितळात जायचंय."

"काय होतंय?" डेस्मंडचं तोंड उतरलं.

"काही होत नाहीय, गाढवा. झडप बदलायची तारीख घ्यायचीय. वर्ष मागून घेतलं ते काय घरात झोपून काढायला? दिलेलं सांभाळायला नको?" मग ते थोंगदीकडे वळले. "तुझी फटफटी आहे ना? नेशील?"

"नेईन, पण पाय वर उचलून धरा, दाजी. तुमचे पाय रस्त्यावर घासत गेले तर पोलीस मला धरतील."

"पोलिसांना सांग, माल डेन्मार्कचा आहे, लांबच येतो."

फटफटी सुरू झाली. काका मागे बसले, गुडघे दोन्हीकडे पंखांसारखे पसरलेले, हात थोंगदीच्या रुंद खांद्यांवर. गर्दीत शिरताना थोंगदीने वेग कमी केला. तो एरवी कधी करत नाही.

बाई वळणापर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"कुणाला नमस्कार, बाई?" डेस्मंडने विचारलं. "ते तर गेले."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "चला, तुमच्या त्या दुकानात चार जागा धरून ठेवू. येतीलच ते आता."